गाडीच्या पॅचचा रंग जुळवायचा कसा आणि जिरवायचा कसा

पुट्टी सपाट बसली, प्रायमर नीट घासला, कोड सांगून रंग आणला. तरी गाडी उन्हात काढली की रंगवलेलं दार लांबूनच ओळखू येतं. मग रंग बनवून देणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. कधीकधी चूक त्याचीच असते. पण बहुतेक वेळा नवा रंग दाराच्या कडेपर्यंत मारून तिथेच थांबवलेला असतो आणि शेजारचं पॅनल जुन्याच रंगात असतं. दोन छटा एका सरळ रेषेवर समोरासमोर आल्या की डोळा अगदी बारीक फरकही पकडतो. तोच फरक दोन-तीन फुटांवर हळूहळू होत गेला तर रंगवणाऱ्यालाही तो शोधावा लागतो.

त्यामुळे रंग हुबेहूब जुळवण्याच्या मागे किती लागायचं आणि तो पसरवून जिरवायला कधी घ्यायचा, हे ठरवता येणं हीच या कामातली खरी अक्कल. डब्यातला रंग ‘ब्लेंड करण्याजोगा’, म्हणजे जुन्या रंगात जिरवण्याजोगा, झाला की थांबा, पुढचं काम फवारणीच्या गनचं. डेंट काढणं, पुट्टी भरणं आणि सपाटी साधणं तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय. लेख मुख्यतः बेसकोट (रंगाचा थर) आणि वर क्लिअर (पारदर्शक थर) अशा दोन थरांच्या रंगाबद्दल आहे, कारण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांवर तोच असतो.

कोड मिळाला म्हणजे रंग मिळाला असं नाही

रंगाचा कोड साधारणपणे चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा डिकीत स्टेपनीच्या खोलगटाजवळ सापडतो. जागा कंपनीगणिक बदलते. तिथे दोन-तीन कोड दिसले तर त्यातला एक आतल्या सीट-कव्हरचा किंवा ट्रिमचा असू शकतो, तेवढं बघून घ्या.

एकाच कोडच्या गाड्या वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या वर्षी आणि रंगाच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये रंगतात. म्हणून रंग बनवणाऱ्या कंपन्या एका कोडखाली मूळ शेड आणि तिचे ‘व्हेरिएंट’ असे अनेक फॉर्म्युले ठेवतात: एक जरा पिवळसर, एक जरा गडद, एक जाड चमकीचा. दुकानात कोड सांगितला की बहुतेक वेळा मूळ शेड हातात पडते. तुम्ही व्हेरिएंटच्या पट्ट्यांचा पंखा मागा, तो गाडीवर धरा आणि जवळची पट्टी निवडा. टिंटर (शेड हलवण्यासाठी मिसळायचे मूळ रंग) ओतत बसण्याआधी हे केलं तर अर्धं काम तिथेच उरकतं.

पट्टी धरण्याआधी गाडी धुवा, आणि जिथे तुलना करायची तो वीतभर भाग कंपाउंडने पॉलिश करा. मळकट, ओरखडलेल्या क्लिअरखालचा रंग फिकट आणि राखाडी दिसतो. त्यावर शेड जुळवली आणि गाडी देताना सगळ्या बॉडीला पॉलिश मारलं, की तुमचं दार एकटं फिकं पडतं. तुलना नेहमी दुरुस्तीच्या शेजारच्या पॅनलवर करायची. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सुटं काढून दुकानात नेता येतं म्हणून सगळे तेच नेतात, पण डाव्या पुढच्या दारासाठी मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या झाकणाचा रंग प्रमाण मानणं धोक्याचं. बॉनेट आणि छत वर्षानुवर्षं ऊन झेलतात, उभ्या पॅनलवर ते तेवढं पडत नाही. बंपरची गोष्ट आणखी वेगळी: तो प्लास्टिकचा, आणि बऱ्याचदा बॉडीपासून वेगळा रंगवलेला असतो. नव्याकोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पॅनलच्या) छटेत फरक सापडतो.

काही ठिकाणी स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. पॅनलवर टेकवला की तो वेगवेगळ्या कोनांतून परत येणारा प्रकाश मोजतो आणि साठ्यातला सगळ्यांत जवळचा फॉर्म्युला काढून देतो. मिळत असेल तर जरूर वापरा. मात्र तोही पॉलिश केलेल्या, सपाट जागेवरच टेकवायचा, आणि त्याने दिलेला फॉर्म्युला कार्डवर मारून पाहायचाच.

नमुना-कार्ड: हा टप्पा गाळायचा नाही

डब्यात काठी बुडवून ती गाडीला लावून बघणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ओला बेसकोट वेगळा दिसतो, वाळला की वेगळा, आणि क्लिअर चढला की पुन्हा वेगळा. बेसकोट वाळल्यावर पांढुरका, मॅट दिसतो आणि क्लिअरखाली गडद होतो. म्हणून तुलना एकाच गोष्टीची करायची: कार्डवर त्याच गनने, त्याच दाबाने, तितकेच कोट मारून, वर क्लिअर देऊन पूर्ण वाळवलेला नमुना.

बाजारात फवारणीची तयार कार्डं मिळतात, त्यांवर काळे-पांढरे चौकोन छापलेले असतात. ते चौकोन दिसेनासे होईपर्यंत कोट मारायचे आणि किती लागले ते कार्डाच्या पाठीवर लिहायचं. दोन कोटांत झाकला तर दोन, चार लागले तर चार. गाडीवरही तेवढेच लागतील असं धरून चाला. चौकोन झाकले न जाता केलेला नमुना खोटं बोलतो, कारण खालचा पांढरा किंवा काळा रंग वरच्या छटेत मिसळून दिसतो. झाकण्याची ताकद कमी असलेल्या लाल, पिवळ्या आणि काही निळ्या रंगांत याच कारणासाठी प्रायमरची करडी छटाही महत्त्वाची ठरते. रंगाच्या फॉर्म्युल्यासोबत अमुक करड्या प्रायमरची शिफारस असेल तर ती पाळा. नाहीतर कोटांवर कोट चढत जातात आणि छटा मात्र हाती लागत नाही.

कार्ड हातात धरून लांबून बघू नका. ते पॅनलवर सपाट टेकवा, कार्डाची कड गाडीच्या रंगाला भिडलेली हवी आणि दोन्ही एकाच पातळीत. आता तीन जागांवरून बघा. आधी अगदी समोरून. मग साधारण ४५ अंशांवरून. शेवटी पॅनलला जवळजवळ गाल लावून, तिरप्या नजरेने. साध्या सॉलिड रंगात तिन्हीकडून एकच उत्तर मिळतं. मेटॅलिकमध्ये, म्हणजे धातूच्या चमकीच्या रंगात, समोरून जुळलेलं कार्ड तिरप्या नजरेत एकदम काळवंडलेलं निघू शकतं. तिरप्या कोनातल्या या छटेला ‘फ्लॉप’ म्हणतात, आणि सिल्व्हर किंवा ग्रे रंगात माणसं तिथेच अडकतात.

उजेडाचंही तसंच. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात, कारण दोन्हींतले रंगकण वेगळे असतात. शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली छान दिसलेलं दार बाहेर नेल्यावर हिरवट दिसतं ते यामुळे. म्हणून कार्ड उन्हात, सावलीत आणि दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली, तिन्ही ठिकाणी बघा. दिवा घेताना ५००० ते ६५०० केल्विनचा आणि रंग खरे दाखवण्याचा अंक ९० च्या वर असलेला घ्या. शेजारी लाल गाडी किंवा रंगीत भिंत नको. अंगात भडक शर्ट असेल तर त्याचंही प्रतिबिंब पॅनलवर पडतं. आणि टक लावून बघत बसू नका. पहिल्या चार-पाच सेकंदांत डोळा जे सांगतो ते खरं, नंतर त्याला सवय होते आणि दोन्ही रंग सारखेच वाटायला लागतात. नजर वळवा, करड्या फरशीकडे बघा, पुन्हा या. लाल आणि हिरव्यातल्या बारीक छटा ओळखण्यातली अडचण पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरीच जास्त आढळते. तुम्हाला अशी शंका असेल तर कार्ड दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, यात कमीपणा नाही.

शेड हलवायची तर कोणत्या दिशेने

व्हेरिएंटमधून निवडूनही फरक उरला तर टिंटिंग. इथे क्रम पाळा: आधी गडद की फिकट ते ठरवा, मग छटा कुठे झुकते ते, आणि शेवटी रंग मळकट आहे की स्वच्छ ते. गडद-फिकटाचा फरक डोळ्याला सगळ्यांत जास्त खुपतो. शिवाय तो दुरुस्त केला की छटेतला जो फरक वाटत होता तो कित्येकदा आपोआप नाहीसा होतो.

छटेच्या बाबतीत एक सोपा नियम आहे. कोणताही रंग फक्त त्याच्या दोन शेजाऱ्यांकडे झुकू शकतो. लाल असेल तर तो एकतर पिवळसर, म्हणजे केशरीकडे, नाहीतर निळसर, म्हणजे जांभळ्याकडे. निळा एकतर हिरवट नाहीतर लालसर. हिरवा पिवळट किंवा निळसर. पिवळा हिरवट किंवा लालसर. म्हणून ‘निळा जरा वेगळा वाटतो’ एवढं म्हणून भागत नाही; तो हिरवट आहे की लालसर, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. कार्ड हिरवट वाटलं तर लालसर झाक असलेला निळा टिंटर वाढवा. विरुद्ध रंगाचा थेंब टाकून छटा मारता येते, पण त्याने रंग मळतो, तेव्हा तो शेवटचा उपाय.

टिंटर निवडताना फॉर्म्युल्याच्या यादीबाहेर जाऊ नका. यादीत आधीच चार-पाच टिंटर असतात आणि हवी ती दिशा बहुतेक वेळा त्यांच्यातच मिळते. बाहेरचा रंगकण आत आला की उन्हात जुळणारी शेड दिव्याखाली फाटण्याचा धोका वाढतो.

सगळा डबा कधीच पणाला लावू नका. १०० ग्रॅम वेगळे काढा, ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक मोजणाऱ्या काट्यावर ठेवा, टिंटर थेंबाथेंबाने टाका आणि प्रत्येक वेळी वजन लिहा. पांढऱ्या आणि सिल्व्हर रंगांत १०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम काळाही डोळ्यांत भरतो. नवा थेंब, नवं कार्ड, क्लिअर, वाळवणं, तुलना. कंटाळवाणं आहे, हे खरं. पण नोंद नसेल तर पाचव्या थेंबानंतर मागे फिरायला वाट राहत नाही.

मेटॅलिकमध्ये आणखी एक पदर आहे. त्यातले ॲल्युमिनियमचे चपटे कण प्रकाश परत फेकतात. जाड कण समोरून जास्त चमकतात आणि तिरप्या नजरेत गडद होतात. बारीक कण समोरून मऊ, राखाडी दिसतात पण तिरपे पाहिले तर फिकट राहतात. त्यामुळे समोरून बरोबर आणि बाजूने काळपट असं झालं तर कणांचा जाड-बारीक तोल बदलावा लागतो, किंवा कंपनीचा फ्लॉप बदलणारा घटक वापरावा लागतो. पांढरा टिंटर बाजूची छटा फिकट करतो खरा, पण चमक मारतो आणि रंग दुधाळ करतो. नवशिक्याने मेटॅलिकमध्ये पांढऱ्याला हात न लावलेला बरा.

टिंटिंगला बसण्याआधी गन मात्र जरूर तपासा. तोच डबा, तीच गाडी, पण हात बदलला की मेटॅलिकची शेड बदलते. रंग ओला, जड बसला तर कण आत बुडतात, वेडेवाकडे उभे राहतात आणि समोरून रंग गडद दिसतो. तोच कोरडा, हलका मारला तर कण वरच्या थरात आडवे पडतात आणि रंग फिकट, उजळ दिसतो. हवेचा दाब वाढवला, गन लांब धरली, हात भरभर फिरवला, लवकर उडणारा थिनर घेतला की फिकट. दाब कमी, गन जवळ, हात संथ, उशिरा उडणारा थिनर, की गडद. थोडासा फरक असेल तर टिंटरचा डबा उघडण्याआधी हे बदलून एक कार्ड मारा. सिल्व्हरमध्ये बऱ्याच वेळा एवढ्यावर निभावतं.

मग थांबायचं कुठे? कार्ड पॅनलवर टेकवून दोन पावलं मागे या. कड शोधावी लागत असेल, तर रंग ब्लेंडसाठी तयार आहे. फरक लगेच दिसत असेल आणि तो गडद-फिकटाचा असेल, तर अजून काम बाकी आहे.

ब्लेंड कुठे संपणार ते गन उचलण्याआधी ठरवा

हे ठरवायला गाडीभोवती एक चक्कर मारावी. समजा सिल्व्हर गाडी आहे, डाव्या पुढच्या दाराच्या मागच्या कडेजवळ डेंट होता, मागच्या दारापासून चार बोटांवर. पुढचं आणि मागचं दार एकाच पातळीत, एकाच उजेडात उभी असतात, म्हणून त्या दोघांमधला फरक हमखास दिसतो. इथे नवा रंग पूर्ण झाकणारा फक्त डेंटच्या जागी. पुढच्या बाजूला तो त्याच दारात, साधारण मध्यापर्यंत विरवत न्यायचा. मागच्या बाजूला मागच्या दारात शिरून पहिल्या एक-तृतीयांश भागात जिरवायचा. क्लिअर मात्र दोन्ही दारांवर कडेपासून कडेपर्यंत. फेंडरला हात लावायची गरज नाही, कारण पुढच्या दाराचा पुढचा अर्धा भाग जुन्याच रंगात राहिला आहे.

डेंट दाराच्या मधोमध असेल तर सगळं त्याच दारात आटपतं. दार नवंच बसवलं असेल तर फेंडर आणि मागचं दार, दोन्हीत रंग न्यावा लागतो. नव्या बॉनेटला दोन्ही फेंडर घ्यावे लागतात; बंपर बऱ्याचदा सोडता येतो, कारण तिथे फट असते आणि पॅनलचा कोन बदललेला असतो. कोन बदलला की उजेड बदलतो आणि फरक त्यात झाकला जातो. दारावर लांबलचक मोल्डिंग किंवा खोल क्रीज (पत्र्यातली घडीची रेघ) असेल तर तिचाही असाच फायदा घेता येतो.

यातून एक गोष्ट उलट दिशेने लागू होते: पुट्टी आणि प्रायमर जितक्या कमी जागेत ठेवाल तितकी रंग जिरवायला जागा जास्त मिळेल. हातभर पसरलेल्या प्रायमरमुळे साधा एका दाराचा पॅच दोन दारांचा होतो.

तयारी

दाराचं हँडल, आरसा, काचेखालची पट्टी शक्य असेल तर काढाच. त्यांच्याभोवती टेप लावून मारलेला क्लिअर काही काळाने त्याच कडेपासून सुटायला लागतो. घासण्याआधी सिलिकॉन रिमूव्हरने पुसा, घासून झाल्यावर पुन्हा पुसा. एका कापडाने लावायचं, दुसऱ्या कोरड्या कापडाने वाळण्याआधी उचलायचं. पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर बेसकोटमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उठतात.

प्रायमर ५०० किंवा ६०० नंबरच्या पेपरने. ज्या भागात रंग विरणार आहे तो ८०० ते १००० नंबरने, आणि जिथे फक्त क्लिअर चढणार तिथे १००० नंबर किंवा करड्या स्क्रबरसोबत घासायची पेस्ट. पेपर जाड वापरला तर त्याचे ओरखडे मेटॅलिकमध्ये रेघोट्या होऊन वर दिसतात, कारण कण त्या खाचांत बसतात. कडा, हँडलचे खोलगट आणि क्रीजच्या कोपऱ्यांत चमक राहू देऊ नका. तिथे क्लिअर धरत नाही. आणि विरण्याच्या भागात जुना क्लिअर घासून खालच्या रंगापर्यंत जाऊ नका; गेलातच तर त्या ठिकाणी कड उठून दिसू शकते, म्हणून तो भाग दुरुस्तीत धरा आणि ब्लेंड आणखी पुढे न्या.

मास्किंग करताना रंगाच्या हद्दीत कुठेही पॅनलच्या मधोमध टेपची सरळ धार नको. दारांच्या फटीत फोमची टेप घाला. टेप कुठे लावावीच लागली तर ती उलटी दुमडून गोलसर कड ठेवा, म्हणजे रंगाची पायरी होत नाही.

मास्कबद्दल दोन शब्द, पण पाळायचे

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या, क्लिअर आणि प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ आणि धुरळा फुफ्फुसात गेला तर दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याला धरलं की नंतर अगदी थोड्या संपर्कातही त्रास होतो. वास येत नाही म्हणून तो नाही असं समजू नका. नाकाला कळण्याआधीच तो घातक पातळीला असू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, अंगभर सूट, डोळ्यांवर आवरण आणि हवा बाहेर फेकणारी व्यवस्था हवी. एवढी सोय नसेल तर तयारी आणि रंगजुळणी स्वतः करा आणि क्लिअर बूथ असलेल्याकडून मारून घ्या. शेजारी ठिणगी, हीटर, सिगारेट काहीही नको.

गन हातात घेतल्यावर

बेसकोटसाठी १.३ मिमीच्या आसपासचं नोझल बहुतेक ठिकाणी चालतं. दाब आणि थिनरचं प्रमाण रंगाच्या डब्यासोबतच्या माहितीपत्रकात असतं, तेच पाळा. गन पॅनलपासून १५ ते २० सेंमी, पॅनलला काटकोनात. फवाऱ्याचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा ते पाऊण चढला पाहिजे. शेवटचं पुसणं झालं की चिकट फडका हलक्या हाताने फिरवा. दाबलात तर त्यातला चिकटा पॅनलवर उतरतो.

मेटॅलिक असेल तर रंग मारण्याआधी विरण्याच्या सगळ्या भागावर बिनरंगाचा ब्लेंडर, म्हणजे रंगकण नसलेला बेस, एक पातळ एकसारखा कोट मारा. यामुळे त्या भागाला ओलसर गादी मिळते. विरणाऱ्या कडेवर, घासलेल्या कोरड्या पृष्ठभागावर रंगाचा धुरळा पडला तर कण खडबडीत उभे राहतात आणि दुरुस्तीभोवती काळपट कडं दिसतं. ओल्या गादीवर पडलेले कण आडवे होतात. हे कडं एकदा क्लिअरखाली गेलं की पुन्हा घासण्यावाचून इलाज नसतो.

पहिला कोट फक्त प्रायमर झाकेल एवढा, दोन बोटं बाहेर. तो मॅट होईपर्यंत थांबा. चमकता ओला डाग कुठेही नको. दुसरा कोट पहिल्याच्या वीतभर पलीकडे. कार्डवर जितके कोट लागले होते तेवढे करा, प्रत्येक कोट आधीच्यापेक्षा लांब. घाई केली आणि ओल्यावर ओलं चढवलं तर कण पोहतात आणि ढगाळ डाग पडतात.

पट्ट्याचं टोक कसं संपवायचं यावर सगळा खेळ आहे. एरवी आपण मनगट ताठ ठेवून गन पॅनलला समांतर नेतो. इथे मात्र रंगाच्या बाजूने सुरुवात करून बाहेर जाताना, शेवटच्या वीतभरात मनगट बाहेरच्या बाजूला वळवायचं आणि त्याच वेळी ट्रिगर हळूहळू सोडायचा. फवारा पॅनलपासून दूर जाता जाता क्षीण होतो. प्रत्येक पट्टा जरा वेगळ्या जागी संपवा, एक आत, एक बाहेर. सगळे एकाच उभ्या ओळीत संपले तर तिथे पुसट का होईना, एक हद्द तयार होते. आधी हे रिकाम्या गनने, मग टाकाऊ पॅनलवर करून बघा. हाताला ती चाल बसायला वेळ लागतो.

झाकण पूर्ण झालं की उरलेल्या रंगात तेवढाच बिनरंगी ब्लेंडर मिसळा आणि या पातळ मिश्रणाचे एक-दोन हलके हात रंगाच्या कडेवरून जुन्या रंगात न्या. शेवटी मेटॅलिकसाठी एक मोकळा हात: दाब थोडा कमी, गन नेहमीपेक्षा थोडी लांब, दुरुस्ती आणि विरलेला भाग मिळून सलग. याने कण एकसारखे पसरतात आणि पट्टे पुसले जातात. काही जण उलट क्रमाने जातात, म्हणजे पहिला कोट सगळ्यांत रुंद आणि पुढचे आखूड. त्यात आधीच्या धुरळ्याला पुढचा कोट झाकतो. दोन्ही रीती चालतात. सुरुवात मात्र पहिल्या रीतीने करा, तिच्यात चूक कुठे झाली ते लवकर कळतं.

क्लिअरआधी दोन-तीन पावलं मागे येऊन बघा, तिरप्या नजरेनेही. मॅट बेसकोटवर शेड नीट कळत नाही, पण ढग, पट्टे आणि कडं कळतं, आणि ते आत्ताच दुरुस्त होतं.

क्लिअर दोन कोट, ब्लेंडमध्ये घेतलेल्या प्रत्येक पॅनलच्या संपूर्ण कडेपर्यंत. पॅनलच्या मधेच क्लिअर विरवायचा मोह टाळा. फेड-आउट थिनरने ती कड वितळवता येते आणि गाडी देताना ती छानही दिसते, पण तो भाग पातळ असतो आणि ऊन-पॉलिश खाऊन तिथे रेघ उघडी पडू शकते. क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचं पॅनल) यासारख्या ठिकाणी, जिथे पॅनल छताला सलग जोडलेलं असतं, पर्याय नसतो. तेव्हा पिलरच्या (छताला धरणाऱ्या खांबाच्या) सगळ्यांत अरुंद जागी थांबवा, म्हणजे कड चार बोटांचीच राहते.

पर्लसाठी वेगळं

तीन थरांच्या पर्लमध्ये खाली रंगाचा थर, मध्ये अभ्रकाच्या चमकीचा पारदर्शक थर आणि वर क्लिअर असतो. इथे छटा डब्यावर कमी आणि मधल्या थराच्या कोटांवर जास्त ठरते. म्हणून एका लांब कार्डावर खालचा रंग मारा, त्याचे चार भाग करा. पहिला कोट चौघांवर, मग एक भाग झाकून दुसरा, आणखी एक झाकून तिसरा, शेवटी चौथा. सगळ्यावर क्लिअर. आता एकच कार्ड १, २, ३ आणि ४ कोटांची छटा दाखवतं. जो भाग गाडीला लागतो तेवढे कोट. ब्लेंडला जागाही जास्त लागते, कारण खालचा रंग आधी जिरवायचा आणि मधला थर त्याच्याही पुढे न्यायचा. पहिलंच काम पांढऱ्या पर्लचं आलं तर ते जाणत्या माणसाबरोबर करा.

बिघडलं तर

दुरुस्तीभोवती कडं दिसत असेल तर कोरडा धुरळा किंवा कमी पसरवलेला ब्लेंड, त्यावर क्लिअर घासून पुन्हा ब्लेंडर आणि रुंद हात. पट्टेपट्टे दिसत असतील तर ओव्हरलॅप कमी पडला किंवा गन वाकडी होती. समोरून बरोबर पण बाजूने गडद असेल तर फ्लॉप चुकलाय, ते नमुना-कार्डवर दिसायला हवं होतं. उन्हात ठीक पण दिव्याखाली वेगळं, म्हणजे बहुधा टिंटर यादीबाहेरचा गेलाय.

क्लिअर कडक झाला की धुळीचे दाणे २००० नंबरने, मग ३००० ने ओले घासा आणि कंपाउंड करा. कडांवर आणि क्रीजच्या धारेवर क्लिअर आधीच पातळ असतो, तिथे मशीन टेकवू नका, हाताने करा. वॅक्स माहितीपत्रकातली मुदत संपल्यावरच लावा, तोवर क्लिअरमधला थिनर बाहेर पडत असतो. शेवटचं नमुना-कार्ड फेकू नका: पाठीवर कोड, व्हेरिएंट, टिंटरची वजनं, कोट, नोझल आणि दाब लिहून ठेवा. त्याच रंगाची पुढची गाडी आली की टिंटरच्या आधी ते कार्ड तिच्यावर टेकवून बघा.